लाकडाच्या ठोकळ्यातून एचटी-२

पहिलं स्क्रॅच मॉडेल, म्हणजे तयार किट न घेता स्वतःच्या हातानं घडवायचं मॉडेल, कुठल्या विमानाचं करावं, असं कोणी विचारलं की विचारणाऱ्याच्या मनात आधीच सुखोई नाहीतर तेजस असतं. माझं उत्तर मात्र ठरलेलं आहे: एचटी-२. म्हणजे हिंदुस्तान ट्रेनर-२. बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली हे विमान आखलं गेलं, ऑगस्ट १९५१ मध्ये जमशेद मुन्शी यांनी ते पहिल्यांदा उडवलं, आणि पुढे हवाई दलाच्या प्राथमिक प्रशिक्षणात त्यानं टायगर मॉथची जागा घेतली. घाटगे कोल्हापूरकडचे, हसूर गावचे. जर्मनीत गॉटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांच्याकडे डॉक्टरेट करून आलेले. कारखान्याच्या स्वतःच्या आराखड्यावरचं उत्पादनात गेलेलं पहिलं विमान ते हेच. आपल्या वैमानिकांच्या कितीतरी तुकड्या याच्यावर उडायला शिकल्या, आणि तरीही याचं तयार किट दुकानात सहज हाती लागत नाही. हवं असेल तर स्वतः घडवावं लागतं. मला हे पुरेसं कारण वाटतं.

भावनेचा भाग सोडला तरी नवशिक्याच्या हाताला हे विमान सोपं जातं. पंख एकच, खालच्या बाजूला, आणि त्याला बाहेरून आधाराच्या दांड्या नाहीत. टायगर मॉथ करायला गेलात तर दोन मजली पंख आणि मधल्या तारा ताणता ताणता जीव मेटाकुटीला येतो. किरण हे प्रशिक्षण विमान जेट आहे, दोन्ही बाजूंना हवा आत घेणारी तोंडं आहेत, ती एकसारखी कोरणं पहिल्या खेपेला जमत नाही. दीपक या प्रशिक्षण विमानाला पुढचं चाक आहे, म्हणजे नाकात वजन भरलं नाही तर मॉडेल शेपटीवर बसतं. एचटी-२ चं तिसरं चाक शेपटीखालीच असल्यामुळे ते आपोआप नीट उभं राहतं. चाकं आत ओढली जात नाहीत, त्यामुळे पंखात खळगे कोरायचे नाहीत. इंजिन चार सिलिंडरचं, एका रांगेतलं, आणि पत्र्याच्या आवरणात झाकलेलं, म्हणून एकही सिलिंडर दाखवावा लागत नाही.

आता मूळ मुद्दा. स्क्रॅचमध्ये विमान चाकूनं घडतं असा नव्या माणसाचा समज असतो. खरं तर ते साच्यांनी घडतं. कागदाचे, पुठ्ठ्याचे, पत्र्याचे साचे आधी कापून ठेवायचे आणि लाकूड त्यांच्या हुकुमात ठेवायचं. ज्याचे साचे बरोबर, त्याचं मॉडेल बरोबर. पुढची प्रत्येक पायरी याच एका गोष्टीभोवती फिरते.

प्रमाण ठरवा

मी १:३२ सुचवतो. खऱ्या एचटी-२ च्या पंखांचा विस्तार १०.७२ मीटर आणि लांबी ७.५३ मीटर. दोन्हींना ३२ नं भागा: विस्तार ३३५ मिमी, लांबी २३५ मिमी. टेबलावर, एका हातात धरून काम करता येईल असा हा आकार आहे. १:४८ मध्ये विस्तार जेमतेम २२३ मिमी होतो, मग कॉकपिटच्या चौकटी आणि चाकांचे पाय फार बारीक होतात. १:२४ मध्ये तो ४४७ मिमी होतो, मग ठोकळा मोठा लागतो आणि पृष्ठभागावरचा प्रत्येक दोष ठळक दिसतो.

विमानाची उंची २.७२ मीटर दिलेली असते, म्हणजे मॉडेलवर ८५ मिमी. पण हा आकडा जपून वापरा. शेपूट टेकवून उभं असलेलं विमान आणि आडवं धरलेलं विमान यांची उंची वेगळी भरते. उंची आकड्यावरून न काढता बाजूच्या चित्रावरून काढा.

नकाशा मिळवा आणि त्याची परीक्षा घ्या

तीन बाजूंचं रेखाचित्र लागतं: वरून, बाजूनं, समोरून. विमानविषयक जुन्या वार्षिकांत आणि मासिकांत अशी चित्रं सापडतात. छोटं चित्र असेल तर स्कॅन करून मोठं करा. मात्र कुठलंही चित्र डोळे झाकून खरं मानू नका.

पहिली परीक्षा लांबीची. वरच्या चित्रातली नाकापासून शेपटीपर्यंतची लांबी आणि बाजूच्या चित्रातली लांबी एकच भरली पाहिजे. पुष्कळ छापील चित्रांत ती भरत नाही. दुसरी परीक्षा पंखाच्या क्षेत्रफळाची. खऱ्या पंखाचं क्षेत्रफळ १६ चौरस मीटर. ३२ चा वर्ग १०२४, म्हणजे १:३२ च्या चित्रात पंखानं साधारण १५६ चौरस सेंटीमीटर जागा व्यापली पाहिजे. यात धडाच्या आत लपलेला पंखाचा भागही धरायचा. आलेख कागदावर पंख उतरवा आणि चौकोन मोजा. १४० किंवा १७० आलं तर पंखाची रुंदी चुकीची काढली आहे असं समजा आणि दुसरं चित्र शोधा.

प्रिंट काढताना चित्राच्या कोपऱ्यात बरोबर १०० मिमीची एक आडवी आणि एक उभी रेघ टाका. प्रिंट आल्यावर पट्टीनं दोन्ही मोजा. प्रिंटरमधली पानाला जुळवून घेण्याची सोय बंद केली नसेल तर चित्र दोन-चार टक्के लहान येतं आणि ते नजरेला कळत नाही. इथे नागपुरात बर्डीवरच्या झेरॉक्सच्या दुकानात काढून घेणार असाल तरी पट्टी सोबत न्या आणि काउंटरवरच मोजा. काही मशीन एका दिशेनं किंचित ताणतात, म्हणून दोन्ही रेघा लागतात.

फोटो जितके मिळतील तितके जमवा. बंगळुरूच्या एचएएल संग्रहालयात एचटी-२ ठेवलेलं आहे. कधी त्या बाजूला जाणं झालं तर एक सकाळ त्याच्यासाठी ठेवा. फोटो घेताना जवळ जाऊन मोबाइल लावू नका, नाक फुगलेलं आणि शेपूट आखडलेली दिसते. जितकं लांब जाता येईल तितकं जा, झूम करा, आणि विमानाच्या अगदी काटकोनात उभे राहा. चाकांचे पाय, कॅनॉपीच्या (कॉकपिटवरच्या काचेच्या झाकणाच्या) चौकटी, इंजिनाखालची हवेची तोंडं आणि शेपटीचं चाक यांचे जवळचे फोटो वेगळे घ्या. घरी आल्यावर नेमकी यांचीच अडचण येते.

आपल्या गावाबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो. वायुसेना नगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे आणि सोनेगावलाही हवाई दलाचा तळ आहे. उत्साहाच्या भरात तिथल्या फाटकाशी किंवा कुंपणाशी कॅमेरा काढू नका, ते चालत नाही. जनतेसाठी हवाई कसरतींचा कार्यक्रम असतो तेव्हा परवानगी असेल तिथून हवे तितके फोटो काढा. एचटी-२ तिथे दिसणार नाही, पण पत्र्याच्या जोडावर ऊन कसं पडतं, रंग कुठे उडतो, चाकाजवळ तेलाचा ओघळ कसा येतो, हे दुसऱ्या विमानावरूनही शिकता येतं.

लाकूड

लकडगंजला जा. आरामशिनीवर आणि लाकडाच्या वखारीत लहान तुकडे पडलेले असतात, त्यातून शिवणीचा तुकडा मागा. शिवण आपल्या विदर्भाच्या जंगलातलं झाड. त्याचं लाकूड फिकट, हलकं, कोरायला मऊ, आणि एकदा वाळलं की फारसं वाकत नाही. मॉडेलसाठी याहून सोयीचं स्थानिक लाकूड मला माहीत नाही. सागवान इथे घरोघरी असतं म्हणून तेच वापरायचा मोह होतो. तो टाळा. सागवान कठीण आहेच, शिवाय त्यात तेल असतं, त्यावर गोंद आणि रंग नीट धरत नाहीत. खोक्याच्या चिडाच्या लाकडात गाठी येतात, आणि त्याच्या कठीण-मऊ रेषा घासल्यावर उंचसखल होऊन रंगातून वर दिसतात. बाल्सा मागवता येतं, कापायला लोण्यासारखं आहे, पण नखानंही खड्डा पडतो. पंखासाठी ठीक, धडासाठी मी ते सुचवणार नाही. वखारीत नीट कळलं नाही तर तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करणाऱ्या कारागिरांना विचारा. लहान कोरीव कामाला कोणता तुकडा चांगला, रेषा कुठल्या दिशेला धरायच्या, हे त्यांना हातात घेतल्या घेतल्या कळतं.

तुकडा आणल्यावर लगेच कापू नका. ज्या खोलीत काम करणार तिथेच तो काही आठवडे पडू द्या. नागपुरात हे फार महत्त्वाचं आहे. एप्रिलपर्यंत हवा कोरडी ठाक असते, मग कूलर सुरू होतात आणि तीच खोली दमट होते. कूलरच्या झोतासमोर ठेवलेली पातळ फळी रात्रीतून वाकू शकते. लाकूड, पंख आणि अर्धवट झालेलं धड कूलरच्या वाऱ्यापासून लांब, बंद डब्यात ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

हत्यारं फार नकोत. बारीक पात्याची करवत, एक धारदार पटाशी, कटर, सपाट आणि अर्धगोल कानस, ८० पासून ६०० पर्यंतचे पॉलिश पेपर, गुण्या, स्टीलची पट्टी आणि व्हर्निअर. पॉलिश पेपर बोटानं धरून घासू नका, लाकडाच्या सपाट पट्टीवर चिकटवून घासा. बोटाखाली खळगे पडतात.

धड

धडासाठी एक ठोकळा घ्यायचा नाही, दोन सारख्या फळ्या घ्यायच्या. त्यांच्यामध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून फेव्हिकॉलनं चिकटवायच्या आणि रात्रभर क्लॅम्पमध्ये दाबून ठेवायच्या. याचे दोन फायदे. मधली कागदाची रेघ हीच विमानाची मध्यरेषा, ती कितीही घासलं तरी पुसली जात नाही. आणि कोरून झाल्यावर त्या रेघेत पातं घालून हलकेच दाबलं की कागद फाटून दोन अर्धे भाग वेगळे होतात, मग आतून कॉकपिट पोखरता येतं.

ठोकळ्याच्या बाजूवर बाजूचा साचा ठेवून रेघ काढा, वर वरचा साचा ठेवून रेघ काढा. दोन्ही साच्यांवर मध्यरेषा आणि नाकाचं टोक यांची खूण हवी. आधी बाजूचा आकार करवतीनं कापा, रेघेच्या एक मिमी बाहेरून. कापलेले तुकडे फेकू नका. ते चिकटपट्टीनं पुन्हा जागेवर लावा, कारण वरच्या आकाराची रेघ त्यांच्यावरच आहे आणि ठोकळा सपाट बसण्यासाठीही ते लागतात. मग वरचा आकार कापा आणि चिकटपट्टी काढा. आता हातात विमानाच्या आकाराची, पण चौकोनी पोटाची वस्तू येते. इथेच पुष्कळजण घाईत कडा गोल करायला लागतात. थांबा.

धडाच्या लांबीवर सात-आठ जागी आडवे छेद ठरवा: इंजिनाचं तोंड, इंजिनामागची भिंत, पुढच्या काचेचा पाया, पुढची आणि मागची बैठक, कॅनॉपीचा शेवट, आणि शेपटीपर्यंत दोन-तीन. प्रत्येक छेदाचा अर्धा साचा जाड पुठ्ठ्यातून कापा. लग्नपत्रिकेचा जाड कागद याला उत्तम, चांगली धार येते. साचा बाहेरून लावायचा आहे, म्हणजे पोकळ भाग कापून काढायचा. अर्धाच साचा का? एकच साचा डावीकडे लावून, उलटा करून उजवीकडे लावला की दोन्ही बाजू आपोआप सारख्या होतात. पूर्ण साचा घेतला तर कापताना झालेली चूक दोन्ही बाजूंना वेगवेगळी उमटते.

साच्याच्या आतल्या कडेवर मऊ पेन्सिल गडद घासा. साचा धडावर ठरलेल्या जागी टेकवा, दोन मिमी पुढे-मागे सरकवा आणि उचला. लाकडावर जिथे काळं उमटलं तिथे ते उंच आहे. तेवढंच घासा. पुन्हा पेन्सिल लावा, पुन्हा टेकवा. सुरुवातीला एखाद-दुसरा ठिपका उमटतो, मग ठिपके वाढत जातात, आणि शेवटी कमानभर एक सलग करडी रेघ येते. त्या जागेचं काम संपलं. पुढचा छेद घ्या. सगळे छेद जुळले की दोन छेदांमधलं लाकूड लांब पट्टीच्या पॉलिश पेपरनं उतरवा. पट्टी दोन्ही छेदांवर टेकलेली राहील अशी धरली की मधला भाग आपोआप बरोबर येतो.

एचटी-२ चं नाक अरुंद आहे, कारण आत सिलिंडर खाली तोंड केलेलं एकरांगी इंजिन आहे. सुरुवातीच्या नमुन्यात जिप्सी मेजर होतं, नंतर १५५ अश्वशक्तीचं सिरस मेजर आलं. नाक जाड झालं की विमानाचा सगळा नूर बदलतो आणि ते भलत्याच विमानासारखं दिसायला लागतं. इथे अर्ध्या मिमीचीही सवलत घेऊ नका.

पंख आणि शेपूट

पंखाचे दोन अर्धे भाग वेगळे करा. जाडी मुळाशी जास्त आणि टोकाकडे कमी, म्हणून आधी वरचा आकार कापा, मग समोरून पाहिल्यावर दिसणारा निमुळतेपणा रंधून घ्या, आणि सगळ्यात शेवटी पंखाचा छेद घडवा. छेदासाठी मुळाशी एक आणि टोकाशी एक साचा ठेवा. पुढची कड गोल, जाडीचा सर्वांत उंच भाग पुढून साधारण तिसऱ्या हिश्शावर, मागची कड पातळ. मागची कड पातळ करताना लाकूड चुरगळायला लागलं की तिच्यावर फेवीक्विकचा पातळ थर सोडा. ते लाकडात मुरतं, कड टणक होते, मग ती आणखी घासता येते. हे खिडकी उघडून करा, वाफ डोळ्यांना झोंबते.

पंखाची टोकं मुळापेक्षा वर उचललेली असतात. किती, ते समोरच्या चित्रावर कोनमापकानं मोजा. अंशात काम करणं अवघड जातं, म्हणून त्याचं मिमी करा: पंखाची लांबी १६० मिमी धरली तर दर अंशाला टोक जवळपास २.८ मिमी वर जातं. तेवढ्या उंचीचे दोन लाकडी ठोकळे करा आणि दोन्ही टोकांखाली ठेवून पंख धडाला जोडा. आत सायकलच्या स्पोकचा तुकडा खिळीसारखा घाला, म्हणजे जोड नुसत्या गोंदावर राहणार नाही. एपॉक्सी वापरा. ती सावकाश घट्ट होते, तोपर्यंत पुढून, वरून, मागून पाहून हलवायला वेळ मिळतो. नाकाच्या टोकापासून दोन्ही पंखांच्या टोकापर्यंत दोरा धरून अंतर मोजा. सारखं आलं पाहिजे.

शेपटीचे तीन भाग पातळ आहेत. लाकडाऐवजी एक-दीड मिमीची प्लास्टिक शीट वापरली तरी चालतं. आडवी शेपूट पंखाशी समांतर आहे का ते मागून एक डोळा मिटून पाहा. हालणाऱ्या भागांच्या रेघा कटरच्या पात्याच्या पाठीनं ओढा, धारेनं नको. धार लाकूड चिरते आणि कडा वर येतात. रिवेट दाखवायच्या फंदात पडू नका. तीन मिमीच्या रिवेटचं डोकं १:३२ मध्ये ०.१ मिमी होतं. ते डोळ्याला दिसतच नाही, आणि दाखवलं तर मॉडेल खेळण्यासारखं होतं.

कॉकपिट

एचटी-२ मध्ये शिष्य आणि शिक्षक एकामागे एक बसतात. काच मोठी असल्यामुळे आतलं बरंच दिसतं. दोन बैठका, दोन दांडे, पायाखालची पेडलं, तबकड्यांची दोन फलकं, खांद्याचे पट्टे. एवढं पुरे. पट्टे सिगारेटच्या पाकिटातल्या चकाकत्या कागदातून कापा किंवा मास्किंग टेपच्या पट्ट्या रंगवून लावा. तबकड्या छापून त्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा एकेक थेंब सोडला की काच वाटते. माणूस बसवायचा असेल तर १७० सेंमी उंचीचा माणूस इथे ५३ मिमीचा होतो, त्यावरून बैठकीचं माप पारखून घ्या. बैठक मोठी झाली आहे हे नुसत्या बैठकीकडे पाहून कळत नाही, शेजारी माणूस धरला की लगेच कळतं.

कॅनॉपी

इथे हात थरथरतो, पण युक्ती सोपी आहे. कॅनॉपीच्या आकाराचा लाकडी ठसा करा, सगळीकडून प्लास्टिकच्या जाडीइतका लहान, आणि खालून दहा मिमी जास्त उंच. त्याला पुट्टी लावून, ६०० नंबरनं पाण्यात घासून काचेसारखा गुळगुळीत करा. लाकडाची रेषा राहिली तर ती तंतोतंत प्लास्टिकवर उमटते.

पाण्याची स्वच्छ, सरळ भिंतीची पेट बाटली घ्या, तळ कापा, ठसा आत सरकवा आणि ठशामागे लाकडाचे तुकडे कोंबून बाटली हलकी ताणलेली ठेवा. हॉट एअर गन पंधरा सेंटीमीटरवरून फिरवत राहा. एका जागी थांबलात तर प्लास्टिक पांढरं पडतं. बाटली आवळत जाते आणि ठशाला चिकटते. थंड होऊ द्या, मगच कापा. पहिल्या खेपेला सुरकुती येईल, दुसरी बाटली घ्या. म्हणूनच बाटल्या चार-पाच जमवून ठेवायच्या.

चौकटी काचेवर ब्रशनं रंगवू नका. मास्किंग टेपवर आधी रंग द्या, वाळल्यावर पट्टी ठेवून बारीक पट्ट्या कापा आणि चिमट्यानं लावा. कॅनॉपी चिकटवायला फेवीक्विक वापरू नका, त्याच्या वाफेनं काच धुरकट होते. फेव्हिकॉल पुरतो, वाळल्यावर तो पारदर्शक होतो.

चाकं आणि पंखा

चाकाच्या पायांसाठीही स्पोकच वापरा. ती साधारण दोन मिमीची असते आणि मॉडेलचं वजन सहज पेलते. पायाचा जाड आकार वरून एपॉक्सी पुट्टीनं भरा. टायरसाठी प्लंबिंगच्या दुकानात ओ-रिंग मिळतात, व्यास नकाशावरून मोजून व्हर्निअर घेऊनच जा. पुढून पाहताना दोन्ही पाय सारखे फाकलेले आणि बाजूनं पाहताना एकाच रेषेत हवेत, त्यासाठी भोकं पाडण्याआधी पुठ्ठ्याचा कोनसाचा करून घ्या.

पंखा, म्हणजे नाकावरचा प्रोपेलर, बांबूच्या पट्टीतून कोरा, दोन पाती. पातं कुठल्या बाजूला पिळलेलं आहे ते फोटोत नीट पाहा. वेगवेगळ्या इंजिनांत पंखा फिरण्याची दिशा उलटसुलट असते, आणि नंतरच्या काळात काही एचटी-२ ना वेगळं इंजिन बसवलं गेलं. पीळ उलटा झालेली मॉडेलं मी प्रदर्शनांत पुष्कळ पाहिली आहेत, आणि जाणकाराची नजर पहिल्यांदा तिथेच जाते.

रंग

लाकडाची रंध्रं बुजवल्याशिवाय रंग लावायचा नाही. सँडिंग सीलरचे तीन-चार हात द्या, प्रत्येक हातानंतर ३२० नं घासा. मग करडा प्रायमर. प्रायमर लावला की आजवर न दिसलेला प्रत्येक ओरखडा वर येतो. वैतागू नका, पुट्टी भरा, घासा, पुन्हा प्रायमर. दिव्याखाली मॉडेल तिरकं धरून पाहिल्यावर एकही खळगा दिसत नाही तोवर पुढे जायचं नाही.

नागपूरच्या हवेत स्प्रे कधी मारायचा हे पाहावं लागतं. मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या आसपास असतो, रंगाचे कण मॉडेलपर्यंत पोहोचायच्या आत वाळतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. सकाळी सहा-सातला मारा. जुलै-ऑगस्टमध्ये उलटा त्रास, दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते. त्या दिवसांत ऊन पडलेली दुपार धरा किंवा ब्रशनं ॲक्रिलिक लावा. कूलर चालू असलेल्या खोलीत कधीच नको, त्यात ओलही असते आणि धूळही. स्वयंपाकघराच्या जवळ स्प्रे मारू नका, थिनरची वाफ पेटते. मास्क लावा.

रंगसंगती ठरवताना एकच विमान निवडा, ज्याचा नंबर फोटोत स्पष्ट दिसतो, आणि सगळं त्याच्याप्रमाणे करा. एकाचे पट्टे आणि दुसऱ्याचा नंबर अशी सरमिसळ केली तर ते खऱ्या कुठल्याच विमानाचं मॉडेल राहत नाही.

हवाई दलाचं चक्र बाहेरून केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. घरच्या प्रिंटरवर स्टिकर छापायचा विचार करू नका, प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, खालचा रंग दिसत राहतो. चक्र रंगवाच. मास्किंग टेप काचेवर चिकटवा आणि कंपासमध्ये पात्याचा तुकडा बसवून तिन्ही व्यासांची वर्तुळं कापा. कंपासचं टोक टेकलेला बारीक छिद्राचा मध्यबिंदू जपा, जुळवणी त्याच्यावरच होते. सगळ्यात बाहेरच्या वर्तुळाची चौकट मॉडेलवर लावून आत पूर्ण पांढरा रंग द्या. वाळला की मधल्या वर्तुळाची टेप त्याच मध्यबिंदूवर बसवा आणि उघडी राहिलेली कडा केशरी करा. मधली टेप काढा, सगळ्यात आतलं वर्तुळ उघडं ठेवून बाकी झाका, हिरवा द्या. पांढरा खाली असल्यामुळे केशरी आणि हिरवा दोन्ही उजळ येतात. प्रत्येक वेळी टेपच्या कडेवर आधी खालच्याच रंगाचा पातळ हात फिरवा, म्हणजे कडेखाली रंग पाझरला तरी दिसत नाही. टेप काढताना सरळ वर नको, मागे दुमडून सावकाश ओढा.

शेवटी संपूर्ण मॉडेलवर किंचित अर्धचमकदार लॅकरचा एक हात द्या. कॅनॉपीवर टेप लावूनच.

सगळे साचे एका पाकिटात, वर प्रमाण आणि विमानाचं नाव लिहून ठेवा. एखादा पंख पडून तुटला तर त्याच साच्यावरून पुन्हा करता येतो. मॉडेल काचेच्या पेटीत, पश्चिमेच्या खिडकीपासून लांब ठेवा. आपल्याकडच्या उन्हानं केशरी रंग सगळ्यात आधी उडतो.